घरचे बदल, ऑफिसचे बदल आणि आपल्या कुंड्या: यंदाच्या मे महिन्यात कोणाची काय सोय?

गच्चीतली_गवार (पुणे)

नमस्कार बागकरी मंडळी,

एप्रिल संपत आला. शाळांना सुट्ट्या लागतील, बदल्यांचे आदेश निघतील, लग्नं आहेत, कोणी आंब्यांसाठी गावी जाईल. माणसांचे दिवसक्रम जेव्हा सगळ्यात जास्त हलतात, नेमकं त्याच दिवसांत कुंड्यांना वर्षातलं सगळ्यात जास्त पाणी लागतं. म्हणून हा धागा. आपल्याकडे काय बदललंय ते एका ओळीत सांगा, पण बागेची सोय कशी लावलीत ते सविस्तर लिहा. मापं, वेळा, काय फसतं आणि का फसतं, सगळं.

माझं असं आहे. १ मेपासून कामाची पाळी बदलतेय, सकाळी पावणेसातला निघून रात्री साडेसातला परत. आणि १२ ते २२ मे घर बंद, देवगडला जायचंय. चौथ्या मजल्यावरची गच्ची, पश्चिमेचं थेट ऊन, ६० कुंड्या. त्यातल्या २० बारा इंची (टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी) आणि ४० आठ इंची (पालेभाज्या, फुलं, तुळस, कोरफड).

तीन प्रश्न:
१. रोजचं पाणी रात्री घातलं तर चालेल?
२. त्या दहा दिवसांसाठी ठिबक आणि टायमर बसवावा, की शेजारच्या काकूंना किल्ली द्यावी?
३. अशा वेळापत्रकात कुठली झाडं ठेवावी, कुठली सोडावी?

मातीचे_हात (नाशिक)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मे महिन्यात चालतं, जुलैत चालत नाही.

उन्हाळ्यात हवा कोरडी असते, पानावर पडलेले थेंब तासाभरात सुकतात. तरी साडेसातला घरात शिरल्या शिरल्या झारी उचलू नका. पश्चिमेची भिंत आणि गच्चीची फरशी तेव्हा चांगलीच तापलेली असते. नऊनंतर घाला. नळी दिवसभर उन्हात पडलेली असेल तर सुरुवातीचं पाणी चहाला चालेल इतकं गरम येतं, ते बादलीत सोडा आणि गार लागायला लागलं की कुंडीत. पानांवर शिंपडू नका, बुडाशी घाला.

पावसाळ्यात रात्रीच्या ओलीने दोन गोष्टी होतात. पानावर बुरशीचे ठिपके येतात, आणि गोगलगायी रात्रभर पालकावर पंगत मांडतात. तेव्हा गरज असेल तरच, आणि सकाळी.

घालायचं की नाही हे घड्याळावर ठरवू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, खाली ओल लागली तर सोडून द्या.

ठिबकदादा (जळगाव)

गवारताई, दुसऱ्या प्रश्नाला आधी हिशेब करू, मग सामान घेऊ. बहुतेक जण उलटं करतात.

मे महिन्यात उन्हातली बारा इंची, फळभाजी लावलेली कुंडी दिवसाला दीड ते दोन लिटर पिते. आठ इंची साधारण अर्धा लिटर. म्हणजे तुमच्या २० मोठ्या कुंड्यांना ३० ते ४० लिटर आणि ४० लहानांना २० लिटर. रोजचे ५० ते ६० लिटर, दहा दिवसांचे ५०० ते ६००. दोनशे लिटरचा पिंप ठेवून निघालात तर चौथ्या दिवशी कोरडा. त्यामुळे पहिला प्रश्न ठिबकचा नाहीच, साठ्याचा आहे.

आता दाब. टाकी जितकी उंच, तितका दाब: दर एक मीटरला सुमारे ०.१ बार (बार हे दाबाचं माप). गच्चीवरच्या चौथऱ्यावरची टाकी कुंड्यांपेक्षा दोन मीटर उंच असली तर हातात येतात ०.२ बार. दुकानात मिळणाऱ्या ड्रिपरवर (थेंब-थेंब पाणी सोडणारं तोंड) '४ लिटर प्रति तास' लिहिलेलं असतं ते १ बार दाबाला. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे कमी होतो, म्हणजे ०.२ बारला तोच ड्रिपर तासाला जेमतेम १.८ लिटर देईल. हे वाईट नाही. फक्त वेळ त्या हिशेबाने लावायची.

घेऊ नये असा ड्रिपर म्हणजे दाब-नियंत्रित प्रकारचा. शेतात तो उत्तम, कारण चढ-उतारावरही सारखं पाणी देतो. पण आत रबराचा पडदा असतो आणि तो चालायला किमान दाब लागतो. गच्चीच्या टाकीवर तो नीट चालत नाही, मग लोक म्हणतात ठिबकच वाईट.

टायमरचंही तसंच. सोलेनॉइड व्हॉल्व्हचे (विजेच्या चुंबकाने उघडणारे) टायमर दाबाशिवाय उघडत नाहीत, किंवा उघडले तर नीट बंद होत नाहीत. टाकीवर चालवायचा असेल तर आत मोटरने फिरणारा बॉल व्हॉल्व्ह असलेला घ्या, तो शून्य दाबालाही चालतो. खोक्यावर किमान दाब किती ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

सामान: १६ मिमी लॅटरल (म्हणजे मुख्य नळी) २० मीटर, ४ मिमी बारीक नळी ३० मीटर, साधे ४ लिटरचे ड्रिपर (मोठ्या कुंडीला दोन, लहानीला एक), १२० मेशचा जाळीचा फिल्टर, नळीचं टोक बंद करायला एंड कॅप, भोक पाडायचा पंच. फिल्टर टाकीच्या तोटीला लागूनच बसवा. फिल्टर नसेल तर टाकीतला गाळ आठवड्यात ड्रिपर बुजवतो.

मोगरावेडी (ठाणे)

एवढा खटाटोप कशाला? बाटलीच्या झाकणाला भोक पाडून उपडी खोचायची. इंटरनेटवर सगळीकडे तेच दाखवतात.

ठिबकदादा

मोगराताई, दोन दिवसांसाठी चालेल, दहा दिवसांसाठी नाही. एक लिटरच्या बाटलीत पाणी एकच लिटर असतं, ते भोक कितीही लहान पाडलं तरी वाढत नाही. भोक मोठं असेल तर रात्रीत रिकामी होते. लहान असेल तर मातीच्या कणाने बुजते, आणि आत हवा शिरायला वाट नसल्याने पाणी अडकून बसतं. उन्हात बाटलीतली हवा तापून फुगते ती वेगळीच, दुपारी पाणी ढकलून बाहेर काढते. नियंत्रण म्हणून काही उरत नाही.

आजीची_परसबाग (सातारा)

बाटलीपेक्षा माठ पुरा.

कोवळी_भेंडी (डोंबिवली)

आजी, माठ म्हणजे पाण्याचा की भाजीचा? दोन्ही मातीतच जातात म्हणून विचारलं. :)

आजीची_परसबाग

पाण्याचा गं! भाजीचाही लाव, उन्हाळ्यात छान येतो.

नीट सांगते. कुंभाराकडून बिनरंगाचं, बिनचकाकीचं लहान मडकं आणायचं, एक ते दीड लिटरचं. रंगवलेलं अजिबात नको, रंगाने छिद्रं बुजतात आणि पाणी झिरपत नाही. आणल्यावर पाणी भरून रात्रभर ठेवायचं. सकाळी बाहेरची बाजू सगळीकडून ओलसर लागली पाहिजे. एकाच जागी थेंब गळत असेल तर ते फुटकं आहे, ते परत द्यायचं.

कुंडीच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरायचं, तोंड मातीच्या वर बोटभर. झाडं त्याच्या भोवती चार ते सहा इंचांवर. तोंडावर पणती किंवा फरशीचा तुकडा झाकण म्हणून, नाहीतर डास. मोठ्या कुंडीत किंवा क्रेटमध्ये एकदा भरलेलं मडकं तीन-चार दिवस ओल देतं. माती कोरडी झाली की जास्त झिरपतं, ओली असली की थांबतं. हे त्याचं मोठेपण आहे, टायमरला ते कळत नाही.

काय फसतं: बोअरच्या पाण्याचे क्षार. चार-सहा महिन्यांनी मडकं पांढरं पडतं आणि झिरपणं मंदावतं. काढून काथ्याने घासायचं, एक दिवस पातळ व्हिनेगरात ठेवायचं, धुऊन परत पुरायचं. आठ इंची कुंडीत मडकं घालू नका, मुळांना जागाच उरत नाही.

निळी_गोकर्ण (मुंबई)

डासांवरून: कुंडीखालच्या ताटल्यांत पाणी भरून जाणारे दरवर्षी असतात. कृपा करून करू नका. डेंग्यूचा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात, काठालगत अंडी घालतो. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे तुमची सुट्टी त्याच्या पिढीला अगदी बरोबर पुरते. वरून अंडी कोरड्या काठावर कित्येक महिने जगतात, पाणी आलं की फुटतात. त्यामुळे ताटली नुसती ओतून भागत नाही, आतून काथ्याने घासावी लागते. महापालिका घरोघरी तपासते, नोटीसही देते.

ताटली हवीच असेल तर काठापर्यंत जाड वाळू भरा आणि पाणी वाळूच्या पातळीच्या खाली राहू द्या.

सुगंधी_रात्र (कोल्हापूर)

वात-पद्धत कोणी सांगितली नाही अजून. आठ इंची कुंड्यांसाठी मला सगळ्यात भरवशाची तीच वाटते.

बादली झाकणासकट, झाकणाला भोक, कुंडी झाकणावर. कुंडीच्या तळाच्या भोकातून वात वर मातीत चार इंच, खाली बादलीच्या तळापर्यंत. सुती दोरी महिन्याभरात कुजते, म्हणून अॅक्रिलिक लोकर तीन पदरी पिळून घ्या. दोन अटी आहेत. पाण्याची पातळी कुंडीच्या बुडापासून २० सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ देऊ नका, त्याहून उंच वात पुरेसं पाणी ओढत नाही. आणि मिश्रणात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं तरी हवं, जड काळ्या मातीत वात नुसतीच बसून राहते. बसवताना वात आधी भिजवा आणि कुंडीला वरून पोटभर पाणी द्या. कोरड्या वातीने पाणी चढायला सुरुवातच होत नाही.

बदलीचा_आदेश (छत्रपती संभाजीनगर)

आमच्याकडची बातमी: बदली झाली, जूनच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरी. ३५ कुंड्या न्यायच्या आहेत. टेम्पो ठरलाय. काय काळजी घ्यावी?

मातीचे_हात

आधी ठरवा काय न्यायचं नाही ते. हंगामी भाज्या नेऊ नका, बी न्या.

न्यायच्या झाडांची छाटणी १० ते १२ दिवस आधी करा, एक तृतीयांश. आदल्या दिवशी काढलेली ओली जखम वाऱ्यात सुकते. पाणी निघण्याच्या दीड-दोन दिवस आधी थांबवा, ओली कुंडी जड होते आणि हिसक्यांनी मुळांभोवतीचा गोळा फुटतो. मातीवर ओलं गोणपाट घालून सुतळीने कुंडीला बांधा. टेम्पोत कुंड्या एकमेकींना खेटून, मधल्या फटीत जुने कपडे. वर शेडनेट (सावलीची जाळी) घट्ट. प्लास्टिकचा कागद नको, आत भट्टी होते. रात्रीचा प्रवास करा. पोचल्यावर चार-पाच दिवस सावलीत, खत महिनाभर बंद.

गुलाबासारखी कलमी झाडं कलमाच्या जोडाशी काठी बांधून न्या, तिथेच मोडतात.

काजूगर (रत्नागिरी)

या या, स्वागत आहे! पण इथे तुमचा संभाजीनगरचा हिशेब चालणार नाही. तुमच्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आमच्याकडे तीन हजारांच्या वर, आणि तुम्ही येताय तो बरोबर सुरू व्हायच्या तोंडाशी.

अडेनियम, निवडुंग, कोरफड छपराखालीच ठेवा, जून ते सप्टेंबर. कुंड्यांची भोकं वाढवा, तळाशी जांभ्याचे तुकडे नुसते टाकून भागत नाही, भोकावर जाळी ठेवा म्हणजे माती वाहून जाणार नाही. पावसात खत घालू नका, घातलेलं सगळं समुद्राला मिळतं. सप्टेंबरअखेर घाला.

माती इथली तांबडी, आम्लधर्मी. तुमच्याकडे चुनखडीच्या मातीत पिवळी पडणारी इक्झोरा आणि गार्डेनिया इथे खुलतील. गार्डेनिया म्हणजे आपला अनंत, तो लावा, विसरू नका. आणि सुरंगी, बकुळीची रोपं रोपवाटिकांमध्ये मिळतात, ती जमिनीत लावायला जागा असली तर सोडू नका.

बदलीचा_आदेश

काजूगर, मनापासून आभार. जमीन मिळणार आहे, दोन गुंठे!

कोवळी_भेंडी

दोन गुंठे! आम्ही डोंबिवलीत दोन फुटांची खिडकी मोजतो. बकुळीचा फोटो टाका.

चौथा_महिना (पुणे)

आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये बाळ येणार आहे. बागकाम चालू ठेवायचंय, पण काय टाळावं?

आजीची_परसबाग

अभिनंदन गं पोरी! सुखरूप होवो.

मातीत हात घालताना हातमोजे घाल, आणि काम झालं की साबणाने हात धू. बाहेरची मांजरं कुंड्यांत घाण करतात, त्यातून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो आणि तो गरोदरपणात बाळाला बाधतो. पालेभाजी कच्ची खायची असेल तर चांगली धू. ताजं शेणखत आणि कोंबडखत या वर्षी दुसऱ्या कोणाला घालू दे. रासायनिक फवारे बंदच. बारा इंची ओली कुंडी उचलायची नाही, २५ किलो भरते. बाकी तुझ्या डॉक्टरबाई सांगतील ते.

झाडं अशी ठेव की तुझ्याकडे बघणार नाहीत: पानओवा, गवती चहा, कढीपत्ता, मायाळू, हळद. हळद मेअखेर लावलीस की पाऊस तिला वाढवतो, जानेवारी-फेब्रुवारीत पानं वाळली की काढायची. मधे बाळंतपण झालं तरी तिला पत्ता लागत नाही. आणि हळदीची पानं गणपतीत पातोळ्यांना.

एडिसनची_मेथी (न्यू जर्सी)

कढीपत्त्याचा उल्लेख झाला म्हणून. इथल्या मराठी घरांमध्ये कढीपत्ता म्हणजे घरातलं एक माणूसच. अलीकडची बातमी एवढीच की रात्री आता १० अंशांच्या वर राहायला लागतील, मेच्या मध्यानंतर झाड बाहेर. एकदम उन्हात नाही. पहिले तीन दिवस सावली, मग दोन तास सकाळचं ऊन, रोज तासभर वाढवत आठवड्याने पूर्ण ऊन. घरातल्या काचेमागची पानं थेट उन्हात पांढरी पडतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला परत आत, हिवाळ्यात पानं गळली तर पाणी अर्धं करायचं. मेलंय असं समजून लोक फेकतात, फांदी नखाने खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे.

पुण्याहून येताना फांदी किंवा ताजी पानं आणू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. बंदी आहे. कढीपत्त्यावर सिट्रस सायला नावाची कीड जगते आणि ती लिंबूवर्गीय झाडांचा 'ग्रीनिंग' रोग पसरवते. फ्लोरिडातल्या संत्र्यांचं त्याने अतोनात नुकसान केलंय. इथल्या इथेही निर्बंध असलेल्या राज्यांतून रोप मागवता येत नाही.

संत्रानगरी (नागपूर)

सायला आमच्या ओळखीचीच, संत्र्याच्या प्रत्येक नव्या बहाराच्या कोवळ्या पालवीवर येते. विदर्भातल्या बागायतदारांना विचारा. ज्यांच्याकडे लिंबू आणि कढीपत्ता शेजारी आहेत त्यांनी कोवळ्या शेंड्यांवर लक्ष ठेवा. पान वळलेलं, चिकट, आणि पांढरे मेणाचे दोरे दिसले की ती. निंबोळी तेल ५ मिली आणि द्रव साबण १ ते २ मिली आधी एकत्र घोटायचं, मग एक लिटर कोमट पाण्यात. तेल आधी पाण्यात टाकलं तर तरंगतं आणि पानं जळतात. संध्याकाळी फवारा, फुलांवर नको, दर सहा दिवसांनी तीनदा. मे महिन्याच्या दुपारी कधीच नाही.

विटांचा_वाफा (सांगली)

कुंड्याच कशाला? विटांचे वाफे करा, एक फूट खोल. कुंडीपेक्षा ओल जास्त टिकते. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातल्या (शेतीचे प्रयोग स्वतः करून बघणाऱ्यांची चळवळ) लोकांनी पालापाचोळा आणि उसाच्या चिपाडांवर गच्चीत बागा उभ्या करून दाखवल्या.

स्लॅबवाला (पुणे)

वाफ्याशी सहमत, खोलीशी नाही. व्यवसायाने बांधकामातला आहे म्हणून आकड्यांसकट लिहितो.

ये-जा असलेल्या गच्चीसाठी आय.एस. ८७५ भाग २ (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे वरचा भार १.५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरतात, म्हणजे सुमारे १५० किलो. भिजलेली बागेची माती घनमीटरला १६०० ते १८०० किलो. एक फूट खोल भरली की चौरस मीटरला ५०० किलोंच्या आसपास. तिप्पट भार झाला. त्यात तुम्ही उभे राहणार ते वेगळंच.

प्रयोग परिवाराच्या पद्धतीत वाफा मातीचा नसतोच, हे लक्षात घ्या. पालापाचोळा, चिपाडं, कंपोस्ट, आणि माती नावाला. तो भार मातीच्या निम्म्यावर येतो. तरीही खोली सहा-सात इंच ठेवा, वाफे खालच्या तुळयांवर किंवा भिंतीलगत आखा, स्लॅबच्या मधोमध नको. बूड फरशीवर टेकवू नका, विटांवर फळ्या ठेवून तीन इंच उचला, म्हणजे खालून पाणी वाहील आणि फरशी सुकेल. गच्चीच्या पाणी जायच्या तोंडाभोवती दोन फूट मोकळं ठेवा. आणि आधी एकदा इमारतीच्या अभियंत्याला नकाशा दाखवा. सोसायटीतली निम्मी भांडणं खालच्या घरातल्या ओलीवरून होतात, ती झाडांच्या नावावर लागू नयेत.

विटांचा_वाफा

बरोबर. एक फूट म्हणालो ते चिपाडांसकट सुरुवातीची उंची, कुजून ती दोन महिन्यांत निम्मी होते. पण नवीन माणूस एक फूट माती भरेल हे खरं. खोलीचं तुमचंच धरा.

चिपाडं रसवंतीवाल्याकडून आणली तर तीन-चार दिवस उन्हात पसरून वाळवा. ओली गोड चिपाडं थेट घातली की मुंग्या, आणि मुंग्यांमागोमाग मावा. वाळवलेली चिपाडं कुंडीवर दोन इंच पसरली की आच्छादन म्हणून झकास. खोडापासून मात्र दोन बोटं लांब.

पाऊसपाणी (पनवेल)

वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण सकाळची बाग त्यांना सोडवत नाही. वाकता येत नाही. काही सुचवा.

सुगंधी_रात्र

कुंड्या वर आणा. मातीची पातळी जमिनीपासून ७५ ते ८० सेंटिमीटरवर आली की उभ्याने, कमरेत न वाकता काम होतं. लोखंडी स्टँड किंवा दगडी फळीचा ओटा. दहा लिटरची झारी बंद, दहा किलो एका हातात म्हणजे सगळा भार एका गुडघ्यावर. दोन लिटरचे दोन जग, दोन्ही हातांत, किंवा नळीला लांब दांड्याचा फवारा. पावसाआधी फरशीवरचं शेवाळ खरखरीत ब्रशने घासून काढा, घसरण्याची भीती तिथेच आहे. ब्लीचिंग पावडर वापरलीत तर ते पाणी कुंड्यांकडे जाऊ देऊ नका.

पाऊसपाणी

७५ सेंटिमीटर लिहून घेतलं. बाबांना दाखवलं, ते मिरच्यांची जागा आत्ताच ठरवून मोकळे झालेत.

मोगरावेडी

गवारताईंचा तिसरा प्रश्न राहिलाच की. आणि काकूंचा.

मातीचे_हात

टोमॅटो सोडा. ३५ अंशांच्या वर त्याची फुलं गळतात, फळ धरत नाही, आणि धरलंच तर अनियमित पाण्याने बुडाशी काळं पडतं. मेमध्ये त्याला पाजलेलं दीड लिटर पाणी वाया. आत्ता काढा, जूनअखेर नवीन रोपं करा. कोथिंबीर आणि पालकही काढा, उन्हात तुऱ्याला येतात. भेंडी, गवार, चवळी, मिरची, लाल माठ, मायाळू ठेवा. वांगी छाटून अर्धी करा. पाणी कमी लागेल आणि पावसात नवी फूट येईल.

असं केलंत की २० मोठ्यांपैकी बारा-तेराच उरतील.

ठिबकदादा

मग साठ्याचा हिशेबही बदलला. तेरा मोठ्यांना छाटणी, दोन इंच आच्छादन आणि ५० टक्के शेडनेट दिलं की दीडऐवजी एक लिटर पुरे. लहान कुंड्यांतल्या कोरफडीसारख्या दहा वजा करा, त्या निघताना एकदा पाणी घेतलं की दहा दिवस मागत नाहीत. पालक-कोथिंबीर काढल्यावर उरलेल्या वीस-पंचवीस एकत्र, सावलीत, खेटून. पाव लिटर पुरे. दिवसाचे २० लिटर, दहा दिवसांचे २००. एक पिंप काठोकाठ लागेल, म्हणून दोन घ्या, तळाशी जोडून.

एक आग्रहाने सांगतो: टायमर इमारतीच्या टाकीला जोडू नका, पिंपालाच जोडा. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर पिंपातलंच पाणी जाईल, साऱ्या इमारतीचं नाही. पिंप दीड मीटर तरी उंच ठेवा आणि भरल्यावर त्याचं वजन प्रत्येकी २०० किलोंच्या वर जातं हे स्लॅबवाल्यांच्या नियमाने बघा, तुळईवर किंवा भिंतीलगतच. झाकण घट्ट, त्यातल्या हवेच्या भोकावर मच्छरदाणीचा तुकडा. सेल नवीन. आणि ७ मेला चालू करा, १२ ला नाही. पाच दिवस डोळ्यांसमोर चालू द्या, कुठला ड्रिपर बुजतोय ते कळेल.

आजीची_परसबाग

आणि काकूंना किल्ली द्याच. रोज पाणी घालायला नाही, तिसऱ्या दिवशी एकदा बघायला. मायेपोटी माणसं जास्त पाणी घालतात. त्यासाठी कुंड्यांना फिती लावा. निळी फीत म्हणजे सुकलेली दिसली तर एक मग, लाल म्हणजे हात लावायचा नाही. मापाचा मग तिथेच ठेवा आणि त्यावर पेनने रेघ मारून ठेवा. कुंडी इतकी वाळली असेल की माती कडेपासून सुटलीय, तर वरून ओतलेलं पाणी कडेने सरळ खाली जातं. तशी कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवायची, हे काकूंना करून दाखवा.

कंपोस्टच्या टोपलीत निघण्याआधी तीन दिवस ओला कचरा बंद. वर दोन इंच सुका पाला, झाकण किलकिलं.

गच्चीतली_गवार

सगळ्यांनी इतकं मोजून-मापून लिहिलंत, खूप आधार वाटला. ठरलं असं: टोमॅटो आणि पालक या रविवारी काढतेय. दोन पिंप भिंतीलगत, बॉल व्हॉल्व्हचा टायमर, ७ मेला चालू. आठ इंचींपैकी सहा नाजूक फुलझाडांना सुगंधी_रात्रची वात. दोन क्रेटमध्ये आजींचं मडकं. काकूंना फिती दाखवून झाल्या, त्यांनी लाल फितीच्या कोरफडीकडे बघून "हिला तर मी विचारणारही नाही" म्हटलं.

चौथा_महिना, तू पुण्यातच आहेस. पानओव्याच्या फांद्या आणि गवती चहाचे फुटवे निघतील छाटणीत, रविवारी घेऊन जा. पानओव्याच्या फांद्या पाण्यात ठेवू का थेट मातीत?

आजीची_परसबाग

थेट मातीत. चार इंचांची फांदी, खालची दोन पानं काढून, कापलेली बाजू तासभर सुकू दे. मग ओलसर वाळू-मातीत दोन पेरं खोल, सावलीत. पंधरा दिवसांत ओढून बघितलीस तर सुटणार नाही. गवती चहाचा फुटवा मुळांसकट, पानं वीतभर ठेवून कापून.

चौथा_महिना

रविवारी अकराला येते. पिशवी आणि हातमोजे घेऊन.